जर्मनीत शिकताना: सेमेस्टर तिकीट, घरभाडं आणि महिन्याचा हिशेब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रवेशपत्र हातात आलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. खालचे प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील विचारतात. आकडे २०२६च्या सुरुवातीचे आहेत. रुपयांत बघायचं असेल तर युरोला शंभरने गुणा आणि वर थोडी भर घाला, म्हणजे अंदाज चुकणार नाही.

व्हिसासाठी महिना ९९२ युरो दाखवायला सांगतात. म्हणजे तेवढ्यात भागतं, असंच ना?

काही शहरांत भागतं, काही शहरांत अजिबात नाही. हा आकडा कुठून आला ते कळलं की कुठे खड्डा पडणार तेही कळतं.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम लागू आहे. त्याआधी ती ११,२०८ होती. जर्मन विद्यार्थ्यांना सरकारकडून जी शिक्षणमदत मिळते, तिला बाफ्योग म्हणतात. त्या मदतीची कमाल मर्यादा हीच तुमच्या व्हिसाची रक्कम. तिचे तुकडे असे: जगण्याचा मूळ खर्च ४७५, घरभाडं ३८०, आरोग्य विमा १०२ आणि शुश्रूषा विमा, म्हणजे दीर्घकाळच्या देखभालीसाठीचा विमा, ३५. बेरीज करा, ९९२ येते.

आता हे चार आकडे एकेक करून बघा. ४७५मध्ये जेवण, फोन, प्रवास, कपडे हे सगळं काटकसरीने बसतं. विम्याला १३७ धरलेत, प्रत्यक्षात थोडे जास्त जातात. पण ३८० युरोंत खोली? लाइपझिग, केम्निट्स, माग्डेबुर्ग अशा पूर्वेकडच्या शहरांत शोधली तर सापडते. म्युनिकमध्ये शेअर फ्लॅटमधली एक खोली सरासरी ८००च्या घरात जाते. तिथे ९९२चं गणित पहिल्याच ओळीत कोसळतं. म्हणून ‘जर्मनीत खर्च किती येतो’ असं विचारू नका, ‘माझ्या शहरात खोली कितीला मिळते’ असं विचारा. बाकीचे खर्च देशभर जवळपास सारखेच असतात.

मग एखाद्या साध्या महिन्याचा हिशेब करून दाखवा ना.

समजा, भाडं ३५०. विमा १४५. घरी रांधून, अधूनमधून मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवून किराणा २२०. सेमेस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचं बस-रेल्वेचं तिकीट, ३८. सेमेस्टर शुल्कातला उरलेला भाग महिन्याला १५ धरू. फोन १०. तिघांच्या घरात रेडिओ-टीव्ही शुल्काचा वाटा ६. साबण, औषध, कपडे, एखादा वाढदिवस यासाठी ८०. झाले ८६४.

याच यादीत भाडं ७५० करा, बाकी काही बदलू नका. १,२६४ होतात. दोन्ही मुलं तेच खातात, तसेच राहतात. कोण उधळ्या आणि कोण काटकसरी, असं घरच्यांनी आकड्यावरून ठरवू नये.

शिक्षण फुकट आहे म्हणतात, मग हे सेमेस्टर शुल्क कसलं?

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचं शुल्क नाही, हे खरं. पण दर सहा महिन्यांनी सेमेस्टरबाइट्राग भरावाच लागतो, साधारण १५० ते ४०० युरो. त्यात वसतिगृहं आणि मेन्सा चालवणाऱ्या संस्थेचा, म्हणजे स्टुडिएरेंडेनवेर्कचा वाटा असतो, विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाचा वाटा असतो आणि तिकीट असेल तर तिकिटाचा. बहुधा सगळ्यात मोठा वाटा तिकिटाचाच.

अपवाद लक्षात ठेवा. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमेस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५च्या हिवाळी सेमेस्टरपासून बाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमानुसार सेमेस्टरला २,००० ते ६,००० युरो लावले आहेत.

सेमेस्टर तिकीट म्हणजे सवलतीचा पास का?

आपल्याकडच्या पाससारखं ते नाही. इथे विद्यार्थ्याला खिडकीवर सवलत मिळत नाही. विद्यार्थी मंडळ वाहतूक कंपन्यांशी करार करतं, विद्यापीठातले सगळे पैसे भरतात आणि म्हणून प्रत्येकाला ते स्वस्त पडतं. ही पद्धत १९९१मध्ये डार्मश्टाटला सुरू झाली.

आधी हे तिकीट त्या-त्या शहरापुरतं किंवा राज्यापुरतं असे. मे २०२३मध्ये देशभर चालणारं डॉइचलांडटिकेट आलं, तेव्हा ४९ युरोंना. २०२५मध्ये ते ५८ झालं, जानेवारी २०२६पासून ६३. विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती २०२४च्या उन्हाळी सेमेस्टरपासून आहे आणि तिची किंमत मूळ तिकिटाच्या ६० टक्के. म्हणजे ६३च्या हिशेबाने महिन्याला ३७.८० आणि सहा महिन्यांचे २२६.८०. सेमेस्टर शुल्कातच ते कापलं जातं, वेगळं काही विकत घ्यायचं नाही.

मी विद्यापीठाजवळ राहतो, सायकल आहे. तिकीट नको म्हणून पैसे परत मिळतील?

नाही. सगळ्यांनी भरलं तरच ते स्वस्त राहतं. सक्तीची ही पद्धत घटनात्मक न्यायालयाने २०००मध्ये वैध ठरवली आहे. परदेशात सेमेस्टर करणं, अपंगत्वामुळे आधीच मोफत प्रवासाचा हक्क असणं, मध्येच नाव काढून घेणं, अशा ठरावीक कारणांसाठी परतावा मिळतो. काही ठिकाणी खरोखर तंगीत असलेल्यांसाठी विद्यार्थी मंडळाचा मदतनिधीही असतो. अर्जाची मुदत मात्र सेमेस्टरच्या सुरुवातीलाच संपते, तेव्हा पत्रं नीट वाचा.

कोणत्या गाड्यांत चालतं?

शहरातली बस, ट्राम, उ-बान (भुयारी रेल्वे), एस-बान (उपनगरी रेल्वे) आणि राज्याराज्यांतून धावणाऱ्या प्रादेशिक गाड्या, म्हणजे आरबी आणि आरई. सगळीकडे द्वितीय श्रेणी. बव्हेरियाकडून येणाऱ्या प्रादेशिक गाडीने ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्थानकापर्यंतही जाता येतं.

आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. फ्लिक्सबस आणि फ्लिक्सट्रेन या खासगी सेवांमध्येही नाही. एकाच फलाटावर आधी आयसी आणि पाच मिनिटांनी आरई येते. घाईत पहिली पकडली तर तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट. सायकलसाठी वेगळं तिकीट लागतं. शहरागणिक नियम बदलतो.

माझ्या विद्यापीठात असं तिकीटच नाही. मग?

मग ६३ युरोंचं मूळ तिकीट आहेच. बव्हेरियात विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारचं सवलतीचं डॉइचलांडटिकेट मिळतं. ते सक्तीचं नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं. खासगी विद्यापीठांत बऱ्याचदा काहीच नसतं. त्यांचे एजंट घसघशीत शिष्यवृत्तीबद्दल भरभरून बोलतात आणि तिकिटाबद्दल गप्प बसतात, हे माझं जुनं दुखणं. प्रवेश घेण्याआधी एक मेल टाकून विचारा. दोन वर्षांत हा फरक सहाशे युरोंचा होतो.

विमान सप्टेंबरचं आहे, सेमेस्टर ऑक्टोबरला सुरू होतं. मधल्या काळात काय करायचं?

विद्यापीठांचं हिवाळी सेमेस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. उपयोजित विज्ञानाच्या बऱ्याच विद्यापीठांत ते महिनाभर आधी सुरू होतं. तिकीट त्या तारखेपासूनच चालतं, आधी एक दिवसही नाही.

सप्टेंबरभर घर शोधायला, कचेऱ्यांत हिंडायला जायचं असेल तर एका महिन्याचं डॉइचलांडटिकेट घ्या. फक्त ते वर्गणीच्या स्वरूपात असतं, आपोआप पुढे चालू राहतं. महिनाअखेर थांबवायचं तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. ही १० तारीख चुकली की ऑक्टोबरात सेमेस्टर तिकीट आणि हे, दोन्हींचे पैसे जातात. बहुतेक ठिकाणी पैसे बँक खात्यातून परस्पर कापले जातात. तुमचं खातं अजून उघडलं नसेल तर स्थानिक आठवडी किंवा मासिक पास बघा.

फोनची बॅटरी संपली आणि तिकीट तपासनीस आला तर?

६० युरो दंडाचा कागद मिळतो. पण घाबरू नका. तिकीट तुमच्या नावावर असेल आणि त्या वेळी वैध असेल, तर सहसा आठवड्याच्या आत कार्यालयात किंवा ऑनलाइन दाखवायचं. मग दंड ७ युरोंवर येतो. तिकिटासोबत फोटो असलेलं ओळखपत्रही लागतं. पासपोर्ट रोज घेऊन फिरणं धोक्याचं, म्हणून निवास परवान्याचं कार्ड मिळेपर्यंत तुमच्याकडे काय चालेल ते विद्यार्थी मंडळाला विचारून घ्या. ६० युरोंचा कागद घरी ड्रॉवरमध्ये टाकून विसरणं मात्र वाईट. पुढे वसुली कंपनीचं पत्र येतं आणि रक्कम वाढत जाते.

शहराबाहेर स्वस्त खोली घेऊन रोज ये-जा केली तर परवडतं का?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. माझ्या मते सेमेस्टर तिकिटाचा खरा फायदा शहरात फिरण्यात नाहीच. घर शोधायचा परिघ त्याने मोठा होतो, तो खरा फायदा. शहरात ६५०ची खोली आणि बाहेरच्या गावात ४२०ची, असा फरक धरला तर महिन्याला २३० वाचतात, आणि जादा प्रवासाला एक सेंटही लागत नाही, कारण तिकीट तुम्ही तसंही भरलेलं आहे. तरीसुद्धा बहुतेक मुलं विद्यापीठाच्या पिनकोडातच खोली शोधत दोन महिने वाया घालवतात.

पश्चिमेकडच्या रूर भागात तर हे फारच सोपं. डॉर्टमुंड, बोखुम, एसेन, ड्युसबुर्ग ही शहरं एकमेकांना चिकटलेली आहेत, बोखुमहून डॉर्टमुंड प्रादेशिक गाडीने पाव तासाच्या आत. लाइपझिगला शिकणारे हाले शहरात राहू शकतात, आखेनचे ड्युरेनमध्ये, श्टुटगार्टचे एसलिंगेनमध्ये. म्युनिकचे काही जण आउग्सबुर्गहून येतात; प्रादेशिक गाडीला पाऊण तासाच्या आसपास लागतो, पण आउग्सबुर्गही आता काही फार स्वस्त राहिलेलं नाही.

खोली बघायला जाण्याआधी तीन गोष्टी तपासा. गाडी थेट आहे की बदलावी लागते? पाऊण तासाची थेट गाडी चालते, पण पस्तीस मिनिटांच्या प्रवासात एक बदल असेल तर तो हिवाळ्यात जीव काढतो, कारण पहिली गाडी सहा मिनिटं उशिरा आली की दुसरी गेलेली असते. दुसरं, रात्रीची शेवटची गाडी. लहान गावांना ती लवकर सुटते, आणि प्रयोगशाळेत किंवा रेस्टॉरंटमध्ये उशिरापर्यंत काम असेल तर याच एका गोष्टीवर खोली बाद होऊ शकते. तिसरं, स्टेशनपासून घर किती लांब. जाहिरातीत शहराचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि घर मात्र तासाला एक बस असलेल्या टोकाला. रविवारी ती बसही नसते. रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अॅपमध्ये मंगळवार सकाळ ८ आणि शनिवार रात्र ११ अशा दोन वेळा टाकून बघा, चित्र लगेच कळतं. रुळांची दुरुस्ती सुरू झाली की गाड्यांऐवजी बस सोडतात आणि पाऊण तासाचा दीड तास होतो. मोठ्या दुरुस्त्यांच्या तारखा आधी जाहीर होतात, त्याही बघून ठेवा.

लांबच्या गावी जायचं असेल तर रेल्वेत विद्यार्थी सवलत मिळते का?

इथे बरेच जण गोंधळतात. डॉइचे बानची, म्हणजे जर्मन रेल्वेची, तरुणांसाठीची सवलत वयावर आहे, विद्यार्थी असण्यावर नाही. २७ वर्षांखालच्यांना बानकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलत कार्ड, स्वस्तात मिळतं. नोकरी करून मग मास्टर्सला आलेल्या एकोणतीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ओळखपत्र दाखवून काही उपयोग नाही. बानकार्ड २५ म्हणजे २५ टक्के सूट. तेही वर्गणीसारखं पुढे चालू राहतं, तेव्हा रद्द करायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. तिकीट आधी काढलं तर स्वस्त दर मिळतात आणि त्यांवरही ही सूट लागते.

वेळ असेल तर सेमेस्टर तिकिटावर आरई बदलत बदलत कुठेही जाता येतं. म्युनिकहून बर्लिनला असं जायला आख्खा दिवस जातो, आयसीईने चार तासांच्या आसपास. एकदा हौस म्हणून करा.

आईबाबा भेटायला येणार आहेत. माझ्या तिकिटावर त्यांना नेता येईल?

नाही, तिकीट एकट्याचं असतं. त्यांच्यासाठी राज्यापुरतं दिवसाचं तिकीट बघा. बव्हेरियाचं बायर्न-टिकेट पाच जणांपर्यंत एकत्र घेता येतं आणि माणसागणिक स्वस्त होत जातं. कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतर चालतं.

जाहिरातीत काल्ट आणि वार्म असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममीटेमध्ये पाणी, हीटिंग, कचरा, जिना साफ करणं वगैरे धरलेलं असतं. वीज आणि इंटरनेट बऱ्याचदा त्याहीबाहेर असतं. तुलना नेहमी वार्मची करा आणि वीज वेगळी आहे का ते विचारा. हीटिंगचा वर्षाचा हिशेब नंतर येतो. खिडकी तिरकी उघडी ठेवून हीटर चालू ठेवणाऱ्यांना त्या दिवशी धक्का बसतो.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी, आणि कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत देता येते. मालक सहसा हे आपणहून सांगत नाहीत.

स्टुडिएरेंडेनवेर्कची वसतिगृहं सगळ्यात स्वस्त, पण प्रतीक्षायादी लांब. प्रवेशपत्र येण्याची वाट न बघता अर्ज करता येत असेल तर तो त्याच दिवशी करा. शेअर फ्लॅटला इथे वेगे म्हणतात. आणि एक नियम काटेकोर पाळा: घर न बघता, किल्ली हातात न येता पैसे पाठवायचे नाहीत. ‘मी सध्या लंडनला आहे, अनामत भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असा मेल आला की समजायचं, फसवणूक आहे. मालक कागदावर सही करून पत्ता नोंदवू देईल ना, हेही आधीच विचारा. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, तिच्याशिवाय पुढची कामं अडतात.

खासगी आरोग्य विमा महिन्याला ४०-५० युरोंत मिळतोय. तो घेऊ का?

स्वस्त दिसतो, आणि त्यातच गोम आहे. सरकारी व्यवस्थेतला विद्यार्थी विमा साधारण १४० ते १५० युरो पडतो, वयाच्या तिशीपर्यंत. सुरुवातीला त्यातून सूट घेऊन खासगीत गेलात तर शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परत येता येत नाही. स्वस्त योजनांत जुने आजार, मानसिक उपचार, दात यांवर मर्यादा असतात. तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दर मिळत नाही, त्यांना पर्याय तपासावेच लागतात. बाकीच्यांनी इथे पैसे वाचवू नयेत.

घरात टीव्ही नाही, तरी शुल्काचं पत्र आलं. खोटं असेल का?

खरं आहे. रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे रेडिओ-टीव्ही शुल्क, दर घराला महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. शेअर फ्लॅटमध्ये एकानेच भरायचे आणि वाटून घ्यायचे. कुणी आधीच भरत असेल तर त्याच्या शुल्कखात्याचा क्रमांक कळवा. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर मागची थकबाकी धरून वसूल करतात.

काम करून सगळा खर्च निघेल का?

निघू शकतो, पण पहिल्या दिवसापासून नाही. मार्च २०२४पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे; आधी ती १२० आणि २४० होती. विद्यापीठातलं सहायकाचं काम, म्हणजे हिवी, या दिवसांत धरत नाहीत. सेमेस्टरचे वर्ग चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळा, नाहीतर विम्याचा विद्यार्थी दर जातो.

जानेवारी २०२६पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला २० तास धरले तर महिन्याला बाराशेच्या आसपास होतात, त्यातून निवृत्तिवेतनाचे ९.३ टक्के कापले जातात. मिनी जॉब, म्हणजे छोटी अर्धवेळ नोकरी, तिच्या महिन्याच्या कमाईची मर्यादा ६०३ युरो. स्वतंत्र व्यवसाय किंवा फ्रीलान्स करायला वेगळी परवानगी लागते. ‘इनव्हॉइस पाठव, पैसे देतो’ म्हणणाऱ्यापासून जपून राहा, निवास परवाना त्याचा नाही, तुमचा पणाला लागतो.

खरी अडचण भाषेची. इंग्रजीत शिकवणारे अभ्यासक्रम भरपूर आहेत, पण कॅफेत किंवा दुकानात जर्मनशिवाय काम मिळणं अवघड. पहिले तीन-चार महिने कमाई शून्य धरूनच पैसे आणा.

जेवणाचा खर्च कसा आटोक्यात ठेवायचा?

दुपारी मेन्सा, तीही विद्यार्थी कार्ड वापरून, कारण पाहुण्यांचा दर जास्त असतो. रात्री घरी. तांदूळ आणि डाळी तुर्की किंवा आशियाई दुकानांत मोठ्या पिशवीत घेतल्या की स्वस्त पडतात. रविवारी दुकानं बंद असतात, हे पहिल्या आठवड्यात सगळेच विसरतात आणि स्टेशनवर दुप्पट भावाने ब्रेड घेतात. बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून परत घ्या.

पहिल्या महिन्यासाठी वेगळे किती लागतील?

बरेच. ब्लॉक्ड अकाउंटमधला पहिला हप्ता इथलं चालू खातं उघडल्यावरच मिळतो, त्याला काही आठवडे जाऊ शकतात. दरम्यान पहिलं भाडं, अनामतीचा पहिला हप्ता, निवास परवान्याचे १०० युरो, गादी, भांडी, जाड कोट हे सगळं एकदम समोर येतं. ब्लॉक्ड अकाउंटव्यतिरिक्त दीड ते दोन हजार युरो हाताशी असले तर झोप लागते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा ११,९०४ दाखवावे लागतात का?

परवाना वाढवताना पैशांचा पुरावा परत मागतात. पण दर वेळी ब्लॉक्ड अकाउंटच हवं असं नाही. नोकरीचा करार आणि पगारपत्रकं, शिष्यवृत्तीचं पत्र किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणाचं अधिकृत हमीपत्रही चालतं. मोठ्या शहरांत परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ मिळायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून परवाना संपायच्या तीन-चार महिने आधीच अर्ज टाका आणि अर्ज पोचल्याची पावती जपून ठेवा.